पंच्याण्णवला थांब

सैदाबाद, हैदराबाद
२ मार्च २०२५

मामा, मामी, दोघांनाही जयभीम.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुम्हाला फोन केला की पलीकडून "कोण? कोण?" एवढंच ऐकू येतं आणि मग फोन मामीकडे जातो. मेसेज केला की उत्तर म्हणून केकचा फोटो येतो. मागच्या महिन्यात मी 'आईला ताप आलाय' असं कळवलं होतं, तेव्हाही केकच आला. म्हणून आईनं कागद पुढं सरकवला आणि म्हणाली, तुझ्या मामाशी नीट बोलायचं तर लिही. माझं मराठी तुम्हाला माहीत आहेच. शाळेत तेलुगू, गल्लीत हैदराबादी हिंदी, आणि मराठी म्हणजे देगलूरच्या सुट्ट्यांत तुम्ही स्टँडवर नेऊन बसच्या पाट्या वाचायला लावायचा तेवढंच. चुका पोटात घाला.

बातमी अशी की मी मोटरसायकल घेतली. स्कूटी नाही, मोटरसायकल. आई दोन दिवस बोलली नाही, मग एकदा मागं बसून बाजारात आली आणि आता कुठंही निघायचं म्हटलं की आधी साडीचा पदर खोचून तयार असते.

गाडीची गरज होतीच. हिमायतनगरच्या एका लॅबमध्ये मला काम मिळालंय, रक्त घेण्याचं. सध्या कच्ची नोकरी आहे. मेअखेर कायम करायचं की नाही ते ठरणार. लॅब आठला उघडते आणि दारात शुगर तपासायला आलेले लोक रिकाम्या पोटी उभे असतात, त्यामुळं तिथं वेळेवर पोचणं हे सुई टोचण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ही नोकरी मला हवीय, मामा. खूप हवीय.

आता प्रश्न. ही गाडी पाण्यानं थंड होणारी आहे, आणि हिच्या पडद्यावर इंजिन किती तापलंय त्याचा आकडा दिसतो. मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-पंच्याऐंशी. गर्दीत नव्वद, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. परवा शंभराच्या पुढं गेला आणि आतून काहीतरी घरघरायला लागलं. मी घाबरून गाडी बंद केली आणि घरापर्यंत ढकलत आणली. कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, ते सांगा. तुमचं आयुष्य इंजिनाशेजारी गेलं, तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

तुमची दीपमाला

*

देगलूर
९ मार्च

चि. दीपमाला,

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं, मग तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. इतक्या मोठ्यानं की शेजारचे नामदेवराव विचारायला आले, मोटरसायकल कुणी घेतली म्हणून. भाची हैदराबादेत रक्त काढते आणि पाण्याच्या गाडीवर फिरते, असं त्यांना सांगितलं. ते जरा गोंधळून परत गेले.

आता नीट ऐक. आमच्या बसला आकडे नव्हते. एक काटा होता, हिरव्यातून तांबड्याकडे जाणारा. तो तांबड्याला शिवायच्या आत मी गाडी बाजूला घ्यायचो. मागून प्रवासी शिव्या द्यायचे, कंडक्टर घड्याळ दाखवायचा, मी हलायचो नाही. पण माझी गाडी वाफ सोडत रस्त्यात मेली, असं कधी झालं नाही. देगलूरला बसलेला माणूस हैदराबादेत गौलीगुड्याच्या स्टँडवर उतरलाच.

तुझ्याकडे तर आकडा आहे, म्हणजे काम सोपं. पाणी शंभरला उकळतं, एवढं आपल्याला माहीत आहे. तेव्हा पंच्याण्णव दिसले की थांब. सावली बघून उभी राहा, गाडी बंद कर आणि आकडा ऐंशीवर आल्याशिवाय हलू नको. घरघर झाली ती पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगची. मला कानानं ऐकू येत नाही, पण तुझ्या पत्रातून बरोबर ऐकू आली. ती परत होऊ द्यायची नाही.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. वेळच वेळ आहे.

तुझा मामा, संभाजी

ता. क. मी मामी. यांचं झाल्यावर उरलेल्या जागेत लिहिते. कान गेल्यापासून यांना गाडीतलं कुणी काही विचारत नाही. डेपोतली पोरं दिसली तर हात हलवतात आणि निघून जातात. तुझं पत्र आल्यापासून माणूस जेवताना बोलायला लागलाय. लिहीत जा गं. – कोंडाबाई

*

सैदाबाद
१० एप्रिल

मामा,

तुमचा नियम मी तंतोतंत पाळतेय. मलकपेठच्या रेल्वेपुलाआधीच्या गर्दीत पंच्याण्णव येतात, मग मी रेसकोर्सच्या भिंतीला एक कडुलिंब आहे तिथं उभी राहते. आता तिथले ऑटोवाले ओळखीचे झालेत. "एमैंदम्मा, बंडी मळ्ळी आगिपोयिंदा?" म्हणजे गाडी पुन्हा बंद पडली का, असं विचारतात. मी सांगते, बंद पडली नाही, बंद केलीय. त्यांना ते पटत नाही. एकानं काल मला चहा पाजला.

पण एक अडचण आहे. गाडी बंद केली की आकडा उतरत नाही, उलट चढतो. पंच्याण्णवला बंद केली तर बघता बघता एकशेएक होतो आणि मग कुठं हळूहळू खाली यायला लागतो. तेवढ्यात आठ वाजून जातात. लॅबच्या दारात हबीब चाचा म्हणून एक आजोबा असतात, नेहमीचे. काल म्हणाले, "रमजान खतम हो गया बेटा, अब तुम कायकू रोजा रखा रए हमकू?" सगळे हसले. मीही हसले, पण आमच्या रंजना मॅडम हसल्या नाहीत.

रंजना मॅडम लॅबच्या प्रमुख, पुण्याच्या आहेत. मला आत बोलावून म्हणाल्या, "दीपमाला, तुझा हात हलका आहे, लोक तुलाच मागतात. पण हात हलका आहे म्हणून उपाशी माणसांना ताटकळत ठेवता येत नाही. मेअखेर तुझ्या कागदावर मला सही करायचीय. उशीर असाच राहिला तर माझा पेन चालायचा नाही." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, इतक्या शांतपणे म्हणाल्या.

मी काय करू?

दीपमाला

*

देगलूर
१६ एप्रिल

चि. दीपमाला,

बंद केल्यावर आकडा चढतो, म्हणजे आपण वेळेत बंद केली ते किती बरं झालं बघ. चालत्या गाडीत चढला असता तर? घरून आणखी लवकर निघत जा. मी पहाटेच्या गाडीसाठी मध्यरात्री उठायचो, त्यानं माणूस मरत नाही.

तरी पण हे असं लांबून बरोबर नाही. मी अठरा मेला येतो. दुसऱ्या दिवशी तुझ्यामागं बसून लॅबपर्यंत येईन आणि आकडा स्वतः बघेन. मग एकदाचा सोक्षमोक्ष लावू. नामदेवरावांना सांगितलंय, हैदराबादला एका गाडीची तपासणी आहे.

मामा

*

सैदाबाद
२७ एप्रिल

मामी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. मुलांची खिचडी उतरवून झाल्यावर निवांत वाचा आणि मामांना दाखवू नका. घरी पोचलं असतं तर त्यांनी पोस्टमनच्या हातातूनच ओढून घेतलं असतं.

झालं असं की मागच्या आठवड्यात मी चादरघाटला अडकले. पुढं बस, मागं टँकर, डावीकडे शाळेची मुलं कोंबलेला ऑटो. बाजूला व्हायला इंचभर जागा नाही. पंच्याण्णव झाले, मी मनात मामांची माफी मागितली. शंभर झाले. एकशेदोन झाले आणि ती घरघर सुरू झाली. मला वाटलं, आता फुटतंय. पायावर गरम वारा यायला लागला. ऑटोतली पोरं माझ्याकडे बघून खिदळत होती, बहुतेक मी डोळे मिटले होते.

डोळे उघडले तर शंभर. मग अठ्ठ्याण्णव. मग पंच्याण्णव. मी हललेसुद्धा नव्हते, इंजिन चालूच होतं आणि आकडा आपला आपण खाली येत होता. मग घरघर थांबली.

मामी, तो पंखा आहे. बेअरिंग वगैरे काही नाही. रविवारी दुपारी बसून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं, जे मी पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. शंभराच्या थोडं पुढं गेलं की पंखा आपोआप लागतो आणि पाणी निवलं की आपोआप बंद होतो. पाण्यात औषध मिसळलेलं असतं, वर झाकण घट्ट, आत दाब, त्यामुळं ते शंभरला उकळतच नाही. खरोखर बिघडलं तर तांबडा दिवा लागतो, घाबरायचं ते त्याला. मी काय करत होते, तर पंखा लागायच्या आधीच रोज गाडी बंद करत होते. बंद केली की आतलं पाणी फिरायचं थांबतं, म्हणून तर आकडा चढायचा.

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. लॅबमध्ये मी दिवसभर लोकांना सांगते की नुसता आकडा बघून घाबरू नका, जेवणाआधीचा वेगळा, जेवणानंतरचा वेगळा. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी बघून कुणी त्याला आजारी ठरवत नाही. आणि गाडीच्या बाबतीत एवढं साधं डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून थांबत नाही आणि रोज वेळेवर पोचते. हबीब चाचांनी खजूर दिले. मॅडम काल स्वतःहून हसल्या.

पण मामांना कसं सांगू? त्यांनी एवढ्या हौसेनं नियम घालून दिला. तुम्ही लिहिलं होतं ना, ते जेवताना बोलायला लागलेत म्हणून. ते आठवलं की पेन हातात धरवत नाही. मला वाटतं, सांगूच नये. ते येतील तेव्हा एक दिवस थांबेन, त्यांचं समाधान होईल, ते परत जातील. चालेल ना?

दीपमाला

*

जि. प. शाळा, देगलूर
३ मे

दीपे,

घाईत लिहिते, शाळेला सुट्टी लागली तरी भांडी मोजून द्यायला आलेय, तेव्हा तुझं पत्र मिळालं.

दाबाचं मला पटलं. कुकरला झाकण लागलं की आतलं पाणी शंभरावर थांबत असतं तर या घरात तुरीची डाळ कधी शिजली नसती. हे यांना मी सांगितलं असतं, पण कुकर यांनी बाहेरूनच बघितलाय.

लपवायचं म्हणतेस ते मला काही बरं वाटत नाही. पण मी मधे पडणार नाही. तुमचा दोघांचा कारभार आहे, तुमचा तुम्ही बघा. एवढंच सांगते, यांची पिशवी आत्तापासून भरून दारामागं ठेवलीय. त्यात एक सदरा, एक टॉवेल आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन आहे. कॅन तुझ्या गाडीसाठी.

मामी

*

देगलूर
२४ मे

चि. दीपमाला,

सुखरूप पोचलो. बस नवीन होती, ड्रायव्हर पोरगा चांगला होता. मी त्याच्या मागच्याच सीटवर बसलो आणि काही बोललो नाही.

सोमवारचं बोलायचंय. तुझ्या घरात तोंडी बोललो असतो तर सगळ्या सैदाबादनं ऐकलं असतं, म्हणून लिहितो.

मलकपेठच्या पुलाआधी टँकर आडवा होता. मी तुझ्या खांद्यावरून आकडा बघतच होतो. पंच्याण्णव झाले आणि मी तुझा खांदा थोपटला, थांब म्हणून. तू आरशात माझ्याकडे बघितलंस, मग घड्याळाकडे, आणि मुकाट्यानं गाडी त्या कडुलिंबाखाली घेतलीस. बंद केलीस. आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा चढायला लागला. सत्त्याण्णव, शंभर, एकशेतीन.

मी आकड्याकडे बघत होतो, मग तुझ्या तोंडाकडे बघितलं. बस चुकलेल्या प्रवाशाचं तोंड मला ओळखू येतं, जन्म त्यात गेला. तू नुसती रस्त्याकडे बघत होतीस. तेवढ्यात एक ऑटोवाला लांबूनच हात करून काहीतरी विचारून गेला. त्याचे हातवारे मला कळले. 'इतके दिवस कुठं होतीस?' असंच विचारत होता. मी तुला विचारलं, रोज इथं थांबतेस ना? तू मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, ते तुलाही ठरवता येईना.

तेव्हा मला उमगलं की हे तुला आधीपासून माहीत आहे.

मी म्हणालो, चल, आता थांबायचं नाही. चादरघाटला गर्दी लागली. एकशेएक, एकशेदोन. मग माझ्या पायाखालची पट्टी थरथरली आणि नडगीवर गरम वारा आला. घरघर मला ऐकू आली नाही, पण पायाला कळली. बेअरिंग असं हळूच सुरू होऊन हळूच थांबत नसतं. पंखा आहे तो. आकडा उतरताना बघितला आणि सगळा हिशोब लागला. गरम इंजिन एकदम बंद करायचं नसतं, हे मला बसच्या बाबतीत पक्कं माहीत होतं. शंभराच्या भीतीनं तेवढंही विसरलो.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चुकल्याचं थोडं वाटलं. पण तू थांबलीस त्याचं फार वाटलं. मेअखेर आलेली, मॅडमनी सांगून ठेवलेलं, दारात उपाशी माणसं, आणि माझ्या भाचीनं नोकरी पणाला लावून गाडी झाडाखाली घेतली, कशासाठी, तर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. असा मान मला नको. सगळे माझ्याशी हात हलवून बोलतात, मान डोलावतात आणि निघून जातात. तू एकटी आहेस जिनं मला खरोखरचं काही विचारलंस. तूही मान डोलावायला लागलीस तर मग माझ्याशी कोण बोलणार? इथून पुढं माझं चुकलं की सरळ तसं लिही. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

तुझ्या मॅडमशी दोन शब्द बोललो, ते मनावर घेऊ नको.

आणि हो, हा उन्हाळा वाईट आहे. आठवड्यातून एकदा गाडी चालवून आल्या आल्या, गरम असतानाच, पाण्याचं झाकण उघड आणि माठातलं गार पाणी घाल. इंजिनाला बरं वाटतं. कॅन ठेवून आलोय.

मामा

*

सैदाबाद
१ जून

मामा,

तुमचे 'दोन शब्द' मामीला कळायलाच हवेत, म्हणून आधी तेच लिहिते. हे तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

मामी, आम्ही पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. रंजना मॅडम दारातच उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "पुन्हा?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा पुढं झाले आणि बोलायला लागले. मामांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. खालच्या इराणी हॉटेलातले लोक वर बघायला लागले. "बाई, पोरीला काही बोलू नका. हिला मी थांबवत होतो. पंखा म्हणजे बेअरिंग असं मी हिला शिकवलं. चूक माझी हाय, लिहून घ्या." मॅडमना मराठी येतं हे त्यांना मीच सांगितलं होतं, त्याचा मला पश्चात्ताप झाला. मॅडमनी हळू बोला अशी खूण केली. मामांना वाटलं, पुढं सांगा म्हणतायत. मग त्यांनी रेडिएटर म्हणजे काय तेही सांगितलं. शेवटी मॅडमनी कागदावर लिहून दिलं, 'काका, कृपया हळू बोला', आणि मामांनी तोही कागद तेवढ्याच मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवला.

तेव्हा मॅडम हसल्या. खुर्चीत बसून, डोळे पुसत हसल्या. हबीब चाचा म्हणाले, "तो हमारा रोजा आप रखा रए थे, मामू?" आणि मामांनी काही न कळता त्यांचा हात हातात घेऊन हलवला. त्या दिवशी पंधरा-वीस लोकांनी रिकाम्या पोटी मराठीतून इंजिनाची माहिती ऐकली आणि एकानंही तक्रार केली नाही.

परवा, तीस तारखेला, मॅडमनी सही केली. मी कायम झाले. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले आणि स्वतःचा पदर खोचून तयार राहिली, म्हणून तिला टँकबंडपर्यंत फिरवून आणलं. वाटेत एकशेदोन झाले, पंखा लागला, तिनं विचारलं काय वाजतंय, मी सांगितलं.

मामा, तुम्ही मॅडमसमोर बोललात तेव्हा मला लाज वाटली आणि रडूही आलं. मी तुमच्यापासून लपवलं ते चुकलंच. तुम्ही दुखावाल म्हणून मी घाबरले होते, आणि तुम्ही आख्ख्या हिमायतनगरला ओरडून सांगून मोकळे झालात.

आता तुमच्या पत्राबद्दल. गाडी गरम असताना पाण्याचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही. आत दाब असतो, झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येईल, आणि मग माझंच रक्त कुणीतरी काढत बसेल. गाडी पूर्ण गार झाल्यावर बाजूच्या छोट्या डब्यातली पातळी बघायची, आणि कमी असेल तर त्यात औषधाचं तयार पाणी मिळतं तेच घालायचं. माठातलं पाणी नाही. तुमचा कॅन आईनं तुळशीजवळ ठेवलाय, तिथं तो छान आहे.

मामा, हे तुमचं चुकलं.

हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, म्हणून कागद इथं असा दिसतोय. तिसऱ्यांदा लिहिलं आणि तसंच ठेवलं.

तुमची दीपमाला